बाबांचं अर्धं स्टेशन

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी चौतीस वर्षं लोकांचे दात केले. काढले नाहीत, केले. दवाखान्यांना कवळ्या आणि कॅप पुरवणारी एक प्रयोगशाळा होती, तिच्या मागच्या खोलीत उंच स्टुलावर बसून. एखाद्याचा समोरचा एकच दात पडला, तर शेजारच्या दातांत बेमालूम मिसळेल असा दात करणं हे त्यांचं खास काम. शेजारच्या दाताला चहाचा पिवळेपणा असेल तर नव्यालाही तो हवा, बारीक तडा असेल तर तडाही हवा. "माझा दात कुठला, हे त्याच्या बायकोलासुद्धा कळता कामा नये," असं त्या म्हणत. मग मी म्हणे, "ताई, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तुमचं मात्र भरलं." हा विनोद त्यांना एकदाही आवडला नाही. मीही तो कधी सोडला नाही.

मी शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी दहा मिनिटं बसायचं म्हटलं तर मला ताप आल्यासारखं वाटतं. घरात ताई आणि दीर वर, आम्ही खाली, मधे जिना. आमच्या दोघींत सारखं एवढंच की आम्ही दोन सख्ख्या भावांच्या बायका.

ताई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच सोमवारी त्यांनी पलंगाखालचे दोन खोके ओढून बाहेर काढले. हे खोके मला चांगलेच ठाऊक होते. घर बदललं तेव्हा ते मीच उचलले होते, आणि "यात काय दगड भरलेत का?" असं विचारलंही होतं. "बाबांचं आहे," एवढंच उत्तर मिळालं होतं. बाबा म्हणजे ताईंचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही. ताई तेरा वर्षांच्या होत्या तेव्हाच ते गेले. टेलिफोन दुरुस्त करायचे. एका दुपारी कुणाच्या तरी दारात शिडी लावली, दोन पायऱ्या चढले, खाली उतरून बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

खोक्यांत काय होतं ते मला आठवड्याभराने कळलं, तेही भांडायला गेले म्हणून. वरून स्पिरिटचा वास येत होता. आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत. मी तरातरा जिना चढले, दार ढकललं आणि म्हटलं, "अहो ताई, दवाखाना उघडलाय की काय?"

ताई खिडकीशी बसल्या होत्या. डोळ्यांवर कामाचं भिंग, हातात चिमटा. मान वर न करता म्हणाल्या, "दार लाव. वाऱ्याने खिडक्या उडतात."

"खिडक्या?"

"त्या बशीतल्या."

बशीत खरंच खिडक्या होत्या. अकरा. माझ्या करंगळीच्या नखाएवढी एकेक, प्रत्येकीला चौकट आणि चौकटीत चार तावदानं. मी शिंकणार होते ती शिंक गिळली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच नाकाची भीती वाटली.

टेबलावर एक स्टेशन होतं, नीट सांगायचं तर अर्धं. वीतभर लांब. तिकिटाची खोली आणि मुसाफिरखाना तेवढा उभा होता, वर छप्पर नव्हतं. त्याच्या उजवीकडे, मालाच्या खोलीच्या जागी, नुसता कागदावरचा नकाशा आणि लाकडाच्या पट्ट्यांच्या जुड्या, काड्यापेटीतल्या काडीहूनही बारीक. ताईंनी मला समजावलं. बाबांना छोट्या रेल्वेचा नाद होता. खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान अशी ती रेल्वे. एक इंजिन, चार डबे आणि पलंगाएवढ्या प्लायवर गोल फिरणारे रूळ. मग त्यांनी स्टेशनचं किट आणलं. या किटमध्ये तयार घर नसतं, घर होईल असं लाकूड असतं. फळीन् फळी आपणच कापायची, रंगवायची, लावायची. बाबांनी डावी बाजू पूर्ण केली आणि मग ती शिडी आली. ताईंनी नंतर वर्षभर एकटीने गाडी फिरवली. एके दिवशी आईने दोन्ही खोके सुतळीने बांधून टाकले. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, आम्ही सगळे.

"मग आता उरलेलं पुरं करायचंय तर," मी म्हटलं.

"पुरं तर कुणीही करेल," ताई म्हणाल्या. "बाबांचा हात कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, हे कुणालाही कळता कामा नये. तसं करायचंय."

मी कमरेवर हात ठेवून त्या अर्ध्या स्टेशनावर वाकले.

"असं वरून काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "खाली बस. तिथला माणूस दोन सेंटिमीटरचा आहे. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर ये."

मी गुडघ्यांवर बसले. हनुवटी टेबलाला टेकवली, एक डोळा मिटला. आणि काय सांगू, टेबल नाहीसं झालं. मी एका फलाटावर उभी होते. समोर जुन्या लाकडाची भिंत, ऊन-पाऊस सोसून करडी झालेली, फळीफळीला रेषा, प्रत्येक फळीच्या टोकाला दोन खिळे. खिळे म्हणजे टाचणीच्या टोकाने दिलेले ठिपके, पण डोळा ते मानायला तयार नव्हता. तिकिटाची खिडकी अर्धी उघडी. आत टेबल. टेबलामागे भिंतीवर मसुराएवढं घड्याळ, त्याला काटे होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी उठले तेव्हा गुडघे आखडले होते. खाली गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "भांडून आलीस का?" मी म्हटलं, "नाही. स्टेशनवर गेले होते."

त्या दिवसापासून मी रोज शाळेतून आले की वर जायला लागले. कारणं काढून. साखर घ्यायला, साखर द्यायला.

इंजिन काही चालत नव्हतं. ताईंनी रूळ खोडरबराने घासले, चाकं स्पिरिटने पुसली, तरी ते नुसतं गुरगुरे आणि थांबे. म्हणून आम्ही ते रुमालात गुंडाळून बाजारातल्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी रुमाल उघडला आणि डोळ्याला लावलेलं भिंग खाली पडता पडता वाचलं. "हे कुठे मिळालं तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ बाजूला सारलं. मग कळलं की तेही त्याच नादाचे. गावात असे आठजण होते. घड्याळजी, एक बसचालक, ग्रंथालयातल्या एक बाई, आणखी पाच. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, यांची कीर्ती मात्र त्यांच्या घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती, आणि घरचे वैतागलेले.

या आठजणांची एक पद्धत होती, ती मला फार आवडली. प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक बोर्ड करायचा. लांबी ठरलेली. रूळ जमिनीपासून किती उंच, बोर्डच्या कडेपासून किती आत, हेही ठरलेलं, त्यात केसभर फरक चालणार नाही. मधे काय उभारायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पूल करा, जंगल करा, गिरणी करा. वर्षातून एकदा ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सगळे बोर्ड एकमेकांना जोडायचे आणि एकाच्या घरून निघालेली गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरवायची. घड्याळजी ताईंना म्हणाले, "बाई, आमच्याकडे सगळं आहे, धड एक स्टेशन नाही. गाडी फिरते पण थांबत कुठेच नाही. तीन महिने आहेत. येता?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येतात."

हो म्हणताना माझं काय जात होतं! नाकी नऊ त्यांच्या यायचे होते.

पहिली भिंत तर फुकटच गेली. ताईंनी तिच्या सुट्या फळ्या एका बाजूने रंगवल्या आणि वाळत ठेवल्या. सकाळी पाहतात तो सगळ्या होडीसारख्या वाकलेल्या. बारीक लाकूड एकाच बाजूने भिजलं की असंच करतं. मग त्यांनी नव्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी रंग लावला आणि चिकटवताना आतून आडव्या पट्ट्यांचा आधार दिला. शाई आणि स्पिरिट मिसळून केलेला तो रंग. किटबरोबर आलेल्या सूचनांच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की रंग आधी, गोंद नंतर. ताई सूचना पाळणाऱ्या बाई. त्यांनी तसंच केलं, फळीन् फळी आधी रंगवली, वाळवली, मग सुईच्या टोकावर गोंद घेऊन चिकटवली.

आणि तरी जुळेना. ताईंची भिंत रंगाने बाबांच्या भिंतीसारखीच होती. दातांचे रंग जुळवायला त्या जशी पट्टी वापरत तशी त्यांनी लाकडाचीही केली होती, करड्या रंगाच्या एकोणीस छटा, प्रत्येकीवर आकडा. छटा जुळली, रेषा जुळल्या, खिळ्यांमधलं अंतर जुळलं. पण बाबांच्या भिंतीत काहीतरी होतं ते ताईंच्या भिंतीत नव्हतं. आठ दिवस त्या दोन्ही भिंती शेजारी ठेवून नुसत्या बघत होत्या. दीर जेवायला हाक मारत होते. शेवटी मला म्हणाले, "माझ्या शर्टाचं बटण महिना झाला तुटलंय. आणि ही त्या दोन सेंटिमीटरच्या हमालाच्या कोटाला बटणं रंगवतेय."

"तुम्ही दोन सेंटिमीटरचे व्हा, भाऊजी," मी म्हटलं. "नंबर लागेल."

नवव्या दिवशी ताईंनी मला वरून हाक मारली. ताई हाक मारत नाहीत, म्हणून मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. त्यांचे डोळे चमकत होते.

"ऊन आहे गं ते!"

"कुठलं ऊन?"

"बाबांच्या भिंतीवर. हे बघ, फिकट ठिपके. इथे, इथे, खिडकीच्या कोपऱ्याशी. मी तेवीस मोजले. मला वाटत होतं लाकूडच तसं असेल. पण माझं लाकूडही त्याच किटमधलं, त्यावर एकही ठिपका नाही. हे मुद्दाम आहेत. बाबांनी झाडाच्या पानांमधून पडलेलं ऊन दाखवलंय."

मी वाकून पाहिलं. खरंच, करड्या भिंतीवर फिकट, गोलसर ठिपके होते. एकदा ऊन म्हटल्यावर ते उनासारखेच दिसायला लागले. कोवळं, सकाळचं. टेलिफोनच्या तारा जोडणारा माणूस, रात्रपाळी करून घरी येणारा, आणि त्याला लाकडाच्या बोटभर भिंतीवर पानांमधलं ऊन पाडायचं सुचावं! मी तोंडात बोट घातलं. त्या क्षणी मला त्या न पाहिलेल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग ताईंनी तसंच ऊन आपल्या भिंतीवर पाडायला घेतलं. तीन केसांचा कुंचला केला. एकेका ठिपक्याला सहा-सात छटा एकावर एक, कारण बाबांच्या ठिपक्यांच्या कडा पुसट होत्या. श्वास रोखून एक ठिपका, मग कुंचला खाली, मग डोळे मिटून पाच मिनिटं. दिवसाला दोन ठिपके होत, एखाद्या दिवशी एक. मी बाजूला बसून बघत असे. मी, जी दहा मिनिटं बसू शकत नाही ती. त्यांचा हात हलायचा नाही. साठ वर्षांच्या बाईचा हात, पण टेबलावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलेल, तो हलणार नाही. मैदानावर मी पुष्कळ मुलं घडवली, धावणारी, उड्या मारणारी. असा स्थिर हात मी कुठे पाहिला नाही.

पण ताई तिथे थांबल्या असत्या तर त्या ताई कसल्या! त्या म्हणाल्या, "ऊन पानांमधून येतंय, तर झाड कुठाय?" नकाशात झाड नव्हतं. बाबांच्या मनात असणार, त्यांना करायला वेळ मिळाला नाही. म्हणून ताईंनी झाड केलं. तारांचे पीळ घालून खोड, पीळ सोडवत सोडवत फांद्या, फांद्यांवर सरसाचा आणि भुशाचा लेप, आणि वाळलेली पानं चुरून, गाळून, त्यातला एकेक कण चिमट्याने लावलेला. बोटभर उंचीच्या त्या झाडाने पाच आठवडे घेतले. मी एकदा मदत म्हणून अकरा पानं लावली. त्यांनी त्यातली नऊ काढली. दोन राहिली याचा मला अजून अभिमान आहे.

छप्परही झालं. खालून वर, ओळीवर ओळ, कागदाच्या पट्ट्यांतून कापलेली कौलं. ते बसवण्याआधी ताईंनी मालाच्या खोलीत एक झाडू उभा केला, कोपऱ्यात, दाराआड. "छप्पर लावल्यावर हा कुणाला दिसणार?" मी विचारलं. "कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "पण खोली झाडायला तो लागेल ना?" मी त्या झाडूला मनातल्या मनात नमस्कार केला.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला पुन्हा गुडघ्यांवर बसवलं. "सांग, जोड कुठाय?"

मी अर्धा तास पाहिलं. मालाच्या खोलीपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत एकच भिंत, एकच जुनेपण, झाडाखालचं एकच ऊन. मी म्हटलं, "देवाशपथ, मला नाही सांगता येत."

ताईंनी डोळे पुसले आणि उठून दिरांच्या शर्टाला बटण लावलं.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर सकाळपासून बोर्ड जोडणं चाललं होतं. बसचालकाचा पूल, ग्रंथालयातल्या बाईंचा घाट, आणि सगळ्या बोर्डांच्या मधोमध आमचं स्टेशन. आमचं म्हणते, दोन पानं माझी आहेत. रूळ रुळाला टेकले, खिळीने अडकवले. बाबांचं इंजिन घड्याळजींनी चालतं केलं होतं. ते चार डबे घेऊन निघालं, पूल ओलांडला, घाटातून वळलं आणि आमच्या फलाटाशी येऊन थांबलं. त्या रेल्वेत पहिल्यांदाच गाडी कुठेतरी थांबली होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले. बघायला आलेली माणसं आमच्या बोर्डभोवती जमली, आणि मी मैदानी आवाजात सगळ्यांना सांगत होते, "ते ऊन बघा, झाडातून पडलेलं! खाली बसून बघा!"

घड्याळजीही खाली बसले. डोळ्याला भिंग लावलं आणि भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेले. मग परत उलटे आले. खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, ती भिंतीला समांतर धरली आणि प्रकाश तिरका पाडला. डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"बाई," ते म्हणाले, "हे दोघांचं काम आहे."

ताईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मला दिसलं. तीन महिने ज्या एका वाक्याची त्यांना धास्ती होती, ते वाक्य आलं होतं.

"डावीकडचं ज्याने केलंय तो नवशिका होता," घड्याळजी आपल्याच तंद्रीत बोलत होते. "हे फिकट डाग बघा. आधी चिकटवलं, मग रंगवलं. बाहेर आलेला गोंद लाकडावर बसला की तिथे रंग धरत नाही. माझ्या पहिल्या घराला असे शंभर होते. आम्हा सगळ्यांचेच होते. तिरका प्रकाश टाकला की गोंद चमकतो. पण उजवीकडचे डाग चमकत नाहीत. ते रंगवलेत! काय हात आहे, वा! पण गोंदाचे डाग कोण कशाला रंगवेल?"

"ते ऊन आहे!" मी ओरडले. खोलीभर ऐकू गेलं. "डोळे आहेत की खोबणी? घड्याळं उघडून उघडून नजर गेलीय तुमची! ऊन आहे ते! झाड कशाला केलंय मग, पाच आठवडे? ऊन कुठून आलं ते कळावं म्हणूनच ना?"

घड्याळजींनी झाडाकडे पाहिलं. मग ताईंकडे. भिंग डोळ्यावरून काढलं आणि तसेच खाली बसून राहिले. त्यांना कळलं होतं. आणि ओरडून झाल्यावर मलाही कळलं. रंग आधी, गोंद नंतर. ताईंनी पहिल्या फळीपासून ते पाळलं, म्हणून गोंदाचा डाग कसा दिसतो हे त्यांना कधी दिसलंच नाही. आणि बाबांनी ती ओळ वाचली नसेल, असं त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ऊन ऊन म्हणून सकाळपासून मीच तर दवंडी पिटत होते.

ताईंनी हात पुढे केला. "भिंग द्या जरा. आणि ती बॅटरी."

त्या गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी प्रकाश तिरका धरला आणि डाव्या टोकापासून सुरुवात केली. फळीमागून फळी. घरी त्यांच्या कामाचा दिवा डोक्यावर असतो, सरळ खाली पडणारा, असा प्रकाश त्या भिंतीवर त्यांनी कधी टाकलाच नव्हता. तिकिटाच्या खिडकीपाशी त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मी घाबरले.

"ताई?"

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "इथे बघ. खिडकीच्या खाली."

मी त्यांच्या गालाला गाल लावून भिंगातून पाहिलं. पाच फळ्यांवर मिळून गोंदाचा एक पातळ, चमकता डाग होता, आणि त्या डागात रेषा होत्या. बारीक, गोल गोल, एकात एक. अंगठा. ओल्या गोंदावर टेकलेला माणसाचा अंगठा, जसाच्या तसा.

"फळ्या सरकत असणार," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून दाबून धरलंय. चिमटाही नव्हता गं त्याच्याकडे. टेलिफोनचं सामान तेवढं होतं."

घड्याळजी खाकरले. "आधी किती घरं केली होती त्यांनी?"

"एकही नाही. हेच पहिलं." ताईंना हे माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. पण आज त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. "अडतीस वर्षांचा होता तो. मला वाटायचं बाबांना सगळं येतं. मी साठ वर्षांची झाले तरी तेच वाटत होतं." त्यांनी मला दंडाला धरलं. "शिकत होता गं. माझे बाबा शिकत होते."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मैदानावर मला कुणी रडताना पाहिलेलं नाही, त्या दिवशी ग्रंथालयात सगळ्यांनी पाहिलं. ताई मात्र रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मी कुठेतरी पाहिलाय असं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं. शाळेत पहिल्या दिवशी मुलाला सोडायला आलेल्या बायका फाटकातून आत बघत असतात, तसा तो होता.

घड्याळजी अगदी ओशाळून गेले होते. म्हणाले, "बाई, एक थेंब रंग प्रत्येक डागावर, कोरडा. तासाभरात सगळं सारखं होईल. कुणाला कळणार नाही. मी स्वतः करून देतो."

"नको," ताई म्हणाल्या. "हात लावू नका त्याला."

गाडी संध्याकाळपर्यंत फिरत होती, दर फेरीला आमच्याकडे थांबत होती. आणि ताई बोर्डशेजारी उभ्या होत्या, बॅटरी हातात घेऊन. मला वाटलं होतं, त्या गप्प बसतील, लवकर घरी जाऊ म्हणतील. पण जो कुणी थांबे त्याला त्या गुडघ्यांवर बसायला लावत, बॅटरी कशी तिरकी धरायची ते दाखवत, आणि तो अंगठा सापडेपर्यंत सोडत नसत. सापडला की समोरच्याचा चेहरा बदले आणि तो विचारे, "कुणाचा हा?"

"माझ्या वडिलांचा. पहिलंच काम होतं त्यांचं. इथून डावीकडे सगळं त्यांचं आहे." मग त्या भिंतीवर नखाने एक जागा दाखवत. तीन महिने जी जागा कुणाला सापडू नये म्हणून त्या धडपडल्या होत्या, ती. "आणि इथून पुढे मी केलंय."

हे वाक्य मी त्या दिवशी चाळीस वेळा तरी ऐकलं असेल. चौतीस वर्षं केलेल्या एकाही दाताबद्दल ते त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.